वेळापत्रक बाजूला ठेवा, आधी मुलाबद्दल एक पान लिहा

ताई, नमस्कार.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत. वर्षभर रोज सकाळी रडारड चालू आहे. शाळेत त्याला कुणी मारत नाही, छळत नाही. पण भरलेल्या वर्गात तो दिवसभर गप्प असतो आणि घरी आला की फुटतो. वाचन भरपूर करतो. लिहायचं म्हटलं की पोटात दुखतं. भागाकार आला की हातपाय गाळतो. बसचे मार्ग मात्र तोंडपाठ, नंबर, थांबे, वेळा सगळं. मनातल्या एका शहराचे नकाशे काढतो आणि त्यात बसमार्ग आखत बसतो. आम्ही त्याला घरीच शिकवायचं ठरवलंय. म्हणजे मी ठरवलंय, नवऱ्याचं अजून तळ्यात-मळ्यात आहे. मी घरून अर्धवेळ नोकरी करते. धाकटी चार वर्षांची आहे.

नोंदणी करावी लागते आणि तिच्यासोबत वर्षाची शिक्षणयोजना द्यावी लागते, असं कळलं. रात्री जागून एक योजना केली, ती सोबत जोडली आहे. ती चालेल का? शाळेतून नाव आधी काढायचं की नोंदणी आधी? तपासायला कुणी आलं तर दाखवायचं काय? आणि सासूबाई म्हणतात, हा पोरगा माणसांत कसा राहणार? त्यांना काय सांगू?

– एक आई

नमस्कार.

तुमची योजना दोनदा वाचली. सकाळी आठ ते दुपारी तीन, चाळीस मिनिटांचे नऊ तास, वीस मिनिटांची छोटी सुट्टी, चाळीस मिनिटांची मोठी. प्रत्येक विषयाला वेगळा रंग. मेहनत दिसते. पण यात रोज दुसऱ्या तासाला भागाकार आहे आणि पाचव्या तासाला निबंध. ज्या दोन गोष्टींनी मुलाच्या पोटात गोळा येतो, त्या दोन्ही आठवड्यातून पाच-पाच वेळा. बस कुठेच नाही. तुमची नोकरीही नाही. आठ ते तीन तुम्ही फळ्यापाशी उभ्या असाल तर ऑफिसचं काम कोण करणार?

ही योजना पाठवू नका. तुम्ही शाळाच घरी आणली आहे, फक्त पटावर विद्यार्थी एक. ज्याला शाळा झेपली नाही त्याला तीच शाळा सख्ख्या आईकडून मिळाली, तर रागवायला आणि रडायला त्याला घरही उरणार नाही. नवी योजना कशी करायची ते पुढे सविस्तर लिहिते. आधी नोंदणीचं बघू, कारण तिथं क्रम चुकला की निस्तरताना नाकीनऊ येतात.

तुम्ही कुठून लिहिताय हे पत्रात नाही, आणि या प्रश्नाचं उत्तर पूर्णपणे त्यावर अवलंबून आहे. जर्मनीत असाल तर विषय जवळपास संपला. तिथं मुलानं शाळेत जाणंच सक्तीचं आहे, आणि त्याविरुद्ध गेलेल्या पालकांची तक्रार युरोपीय मानवाधिकार न्यायालयानंही २००६ मध्ये दाखल करून घेतली नाही. स्वीडनमध्ये २०१० च्या शिक्षण कायद्यानंतर अगदी अपवादात्मक परिस्थितीतच परवानगी मिळते. फ्रान्समध्ये पूर्वी नुसतं कळवून भागायचं, २०२१ च्या कायद्यामुळे २०२२ पासून आधी मंजुरी घ्यावी लागते. आयर्लंडमध्ये हा हक्क संविधानातच आहे, तरी ‘टुस्ला’ या सरकारी संस्थेकडे नोंदणी करावी लागते. न्यूझीलंडमध्ये शाळेत नाव घालण्यापासून सूट मागावी लागते, आणि मुलाला नोंदणीकृत शाळेत शिकवतात तितक्याच नियमितपणे आणि तितकंच चांगलं शिकवलं जाईल, हे शिक्षण मंत्रालयाला पटवावं लागतं. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्याचं कलम ७ सांगतं की मुलाला त्याच्या वयाला, कुवतीला आणि गरजेला साजेसं पूर्णवेळ शिक्षण मिळेल हे पाहणं पालकांचं काम, मग ते शाळेत मिळो की अन्यत्र. त्या ‘अन्यत्र’च्या आधारावर तिथलं सगळं गृहशिक्षण उभं आहे. सर्वसाधारण शाळेतलं मूल असेल तर पालकांनी लेखी कळवलं की शाळा नाव काढते. विशेष शाळेतलं असेल तर तसं होत नाही, स्थानिक प्रशासनाची संमती लागते. घरी शिकणाऱ्या मुलांची सक्तीची नोंदवही ठेवण्याचं विधेयकही तिथं डिसेंबर २०२४ मध्ये मांडलं गेलं. तेव्हा चार वर्षांपूर्वी कुणी काय केलं ते विचारत बसू नका, अर्ज करायच्या दिवशी काय नियम आहे ते पाहा. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये सरकारी शाळेतून मूल काढायला स्थानिक प्रशासनाची संमती आधी हवी.

आधी नाव काढायचं की आधी नोंदणी, याला म्हणूनच एक उत्तर नाही. ऑस्ट्रेलियात तर एकाच देशात दोन टोकं आहेत. व्हिक्टोरियात नोंदणी मंजूर होईपर्यंत मुलानं शाळेत जात राहायचं असतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात शाळेतल्या शेवटच्या दिवसापासून १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. क्वीन्सलँडमध्ये ६० दिवसांची तात्पुरती नोंदणी मिळते, आणि माझ्या मते ही सगळ्यात शहाणी पद्धत आहे. शाळा सुटल्याबरोबर कुणालाच धड योजना लिहिता येत नाही. त्या दिवसांत मूल जरा थाऱ्यावर येतं आणि पालकांनाही काहीतरी दिसायला लागतं. अमेरिकेत पन्नासही राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर आहे, पण टेक्सासमध्ये राज्याकडे नोंदणीच करावी लागत नाही, तर न्यूयॉर्कमध्ये आधी इरादा कळवायचा, मग मुलापुरती लेखी योजना द्यायची, दर तिमाहीला अहवाल आणि वर्षाला मूल्यमापन.

भारतात असाल तर वेगळाच पेच. तिथं नोंदणीचा फॉर्मच नाही, कारण कायदा गृहशिक्षणाबद्दल बोलतच नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना लागू होतो. त्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा काय, ते सांगितलेलं नाही. या फटीतून कितीतरी कुटुंबं गृहशिक्षण करतात. परवानगी मागायला जावं असं ऑफिस नाही. मात्र शाळेच्या पटावरून नाव गेलं की मूल ‘शाळाबाह्य’ धरलं जाऊ शकतं, आणि सर्वेक्षणाला कुणी दारात आलं तर आपलं म्हणणं कागदावर तयार असलेलं बरं. म्हणजे कुणी मागत नसलं तरी योजना आणि नोंदी ठेवायच्याच. पुढे परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, आहे. १९८९ मध्ये ती राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावानं सुरू झाली. दहावीच्या पातळीला किमान वय १४, बारावीच्या पातळीला १५. प्रमाणपत्राला पाच विषय. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, आणि एकदा नाव नोंदलं की ते पाच वर्षं चालतं. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या पातळ्याही आहेत. महाराष्ट्रात खासगीरीत्या दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तर जुनाच आहे. चौथीतल्या मुलासाठी यातलं आज काहीच भरायचं नाही, पण पुढे वाट आहे एवढं कळलं की रात्रीची झोप लागते.

कुठल्याही देशात असा, दोन गोष्टी सगळीकडे सारख्या. पहिली, जे काही शाळेला किंवा खात्याला द्याल ते लेखी द्या आणि पोच घ्या. मुख्याध्यापक तोंडी ‘काही हरकत नाही’ म्हणाले, याला सहा महिन्यांनी कवडीची किंमत नसते. दुसरी, शाळेतून निघताना दाखला, आजवरची निकालपत्रकं आणि शाळेनं त्याच्याबद्दल काही लेखी नोंद केली असेल तर तिची प्रत, हे सगळं घेऊनच बाहेर पडा. जन्मदाखला आणि पत्त्याचा पुरावा बहुतेक अर्जांना लागतो, काही ठिकाणी दोन्ही पालकांच्या सह्याही. सह्या दोघांच्या लागू शकतात, हे लक्षात असू द्या. नवऱ्याच्या तळ्यात-मळ्यातचा निकाल अर्जाच्या आधी लागायला हवा.

आता आणखी एक, हे तुम्ही विचारलेलं नाही. भरपूर वाचणारं मूल लिहायच्या नावानं पोट धरून बसतं, तेव्हा तो नुसता आळस असेलच असं नाही. हाताच्या लहान स्नायूंची अडचण असू शकते, डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्याच्या क्रियेतच येणारी अडचण, असू शकतो, किंवा यातलं काहीच नसेल आणि नुसती धास्ती असेल. ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा शिक्षणविषयक मानसतज्ज्ञाकडून एकदा तपासून घ्या, तेही नोंदणीच्या आधी. तसं काही निघालं तर तो अहवाल अर्जाला जोडता येतो, आणि योजनेत ‘लेखन कमी का’ हा प्रश्न अधिकाऱ्यानं विचारायच्या आधीच त्याचं उत्तर असतं. शिवाय हेच कारण असेल तर शाळेशी बोलूनही मार्ग निघू शकतो. मी तुम्हाला परत शाळेकडे ढकलत नाहीये. पण शाळा सोडायची ती नेमकं कशामुळे सोडायची, हे कळून सोडावी.

योजनेकडे वळते. ती वाचणारे दोन. एक अधिकारी, वर्षातून एकदा. दुसऱ्या तुम्ही, दर आठवड्याला. तुमचा रंगीत तक्ता पहिल्यासाठी केलाय. अधिकाऱ्याला रंगांचं कौतुक नसतं. त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: मूल आज कुठे आहे, वर्षानं कुठे नेणार आणि पोहोचलं हे कशावरून ओळखणार. ज्या ठिकाणी विषय ठरवून दिलेले आहेत तिथं ते सगळे यायला हवेत. व्हिक्टोरियात आठ अध्ययनक्षेत्रं आहेत, ऑस्ट्रेलियातल्याच न्यू साउथ वेल्समध्ये राज्याच्या अभ्यासक्रमाला धरून योजना लागते, न्यूयॉर्कमध्ये इयत्तेनुसार विषयांची यादीच आहे. ती यादी समोर ठेवा, पण सुरुवात तिथून करू नका.

सुरुवात एका पानानं करा. मुलगा आज काय करू शकतो, ते साध्या भाषेत. ‘गणितात कच्चा’ हे वर्णन नव्हे, तो शेरा झाला. ते निकालपत्रकात असतं आणि त्याचा कुणाला काही उपयोग नसतो. आठवडाभर त्याच्या शेजारी बसा, शिकवू नका, नुसतं पाहा. भागाकारात तो नेमका कुठे थांबतो? पाढा आठवत नाही, पुढचा अंक खाली घ्यायचा राहतो, की भागाकार म्हणजे काय हेच कधी डोक्यात शिरलेलं नाही? तिन्हींचे इलाज वेगळे आहेत.

तुमच्या योजनेतली गणिताची ओळ अशी आहे: ‘भागाकार, अपूर्णांक, दशांश, भूमिती, मोजमाप. साधन: पाठ्यपुस्तक. मूल्यमापन: दर शनिवारी चाचणी.’ ही कुठल्याही मुलाची असू शकते. मी ती अशी लिहीन (आजच्या स्थितीबद्दलचा भाग माझा अंदाज आहे, तुम्ही पाहून खरं काय ते घाला):

‘आज: हातच्याची बेरीज-वजाबाकी जमते. सात आणि आठच्या पाढ्यात अडखळतो. भागाकार मांडतो, पण बाकी उरली की घाबरून थांबतो. वर्षअखेर: तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता यावं, आणि उरलेल्या बाकीचं काय करायचं ते सांगता यावं. कसं: आधी वस्तू वाटून, मग प्रवासी आणि गाड्यांच्या उदाहरणांतून, मग नुसत्या अंकांवर. कशावरून कळेल: दर महिन्याला त्यानं स्वतः तयार केलेली आणि सोडवलेली तीन उदाहरणं, तारखेसह.’

गाड्यांचं उदाहरण म्हणजे काय? २३० माणसं आहेत, एका छोट्या बसमध्ये ९ जण बसतात. भागाकार २५, बाकी ५. तर बस किती लागतील? वहीत २५ लिहून मोकळा होणारा मुलगा इथं थबकतो, कारण पाच माणसं थांब्यावर उभी आहेत आणि त्यांना सोडून जाणं त्याला पटणार नाही. मग २६. बाकी म्हणजे चूक नव्हे, ती कुणीतरी उरलेली माणसं आहेत, हे त्याचं त्यालाच कळतं. पुढे वेळांचे हिशेब: ९:४७ ला सुटलेली बस ३८ मिनिटांनी पोहोचली तर किती वाजले? इथं दहाचा हातचा चालत नाही, साठाचा लागतो. तीन मार्गांच्या बस ६, ८ आणि १२ मिनिटांनी सुटतात, आठ वाजता तिन्ही एकदम सुटल्या, तर पुन्हा एकदम कधी? ८:२४. त्यानं हे काढलं की लसावि त्याच्या हातात आला. लसावि हे नाव नंतर कधीतरी सांगा.

लेखनाचंही तसंच. विचार करणं, वाक्य जुळवणं आणि हातानं अक्षरं काढणं ही तीन वेगळी कामं आहेत, आणि शाळेत ती तिन्ही एकदम मागितली जातात. तुम्ही ती सुटी करा. त्याच्या शहराची हकिगत त्यानं सांगायची, तुम्ही लिहून घ्यायची, त्याच्याच शब्दांत, न सुधारता. त्यातली दोन वाक्यं त्यानं उतरवायची. नकाशावरच्या थांब्यांची नावं हेही लेखनच आहे. एखाद्या थांब्यावर वेळापत्रक लावलेलं नसेल तर परिवहन कार्यालयाला पत्र लिहायचं. खरं पत्र, खऱ्या पत्त्यावर. वर्षअखेरचं उद्दिष्ट एवढंच ठेवा: कुणाला तरी पाठवण्याजोगं एक पान, स्वतःच्या हातानं. अधिकाऱ्याला हे कमी वाटेल अशी भीती बाळगू नका. कुठून निघालात ते पहिल्या पानावर लिहिलेलं असलं की कुठवर आलात ते दिसतं.

एक धोका मात्र आहे, आणि उत्साही आया त्यात हमखास सापडतात. सगळेच विषय बसला जुंपू नका. बसचा इतिहास, बसचं विज्ञान, बसवर कविता, असं सुरू झालं की महिनाभरात तो बसचं नाव काढणार नाही. त्याचे नकाशे हे त्याचं आहे, तिथं आपण बोलावल्याशिवाय जायचं नाही. गणितासाठी उदाहरणं उसनी घ्या, पण त्याच्या वहीत लाल पेन घेऊन शिरू नका.

विज्ञान, परिसर, कला, व्यायाम यांवर मी जास्त लिहीत नाही. त्या बाबतीत पालक सहसा कमी पडत नाहीत, फक्त जे करतात ते लिहून ठेवत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांची योजना बारकाईनं लिहा, उरलेल्या वर्षाची ढोबळ. बारा महिन्यांचे आठवडे मोजून भरलेला तक्ता कागदावर छान दिसतो आणि दुसऱ्याच महिन्यात खोटा ठरतो. बहुतेक ठिकाणी वाटेत बदल केले तर चालतं, ते का केले हे नोंदवलेलं असलं म्हणजे झालं.

वेळेचं काय? न्यूयॉर्कमध्ये पहिली ते सहावीला वर्षाला ९०० तास धरतात. १८० दिवसांवर वाटले तर रोजचे पाच. तिथं असाल तर तेवढे भरावेच लागतील. इंग्लंडमध्ये तासांचं असं बंधन नाही. मोकळीक असेल तर नऊ वर्षांच्या मुलाला टेबलाशी बसून करायचं काम दोन तास पुष्कळ होतं. ‘एवढंच?’ असं तुम्ही म्हणाल. वर्गातल्या चाळीस मिनिटांतून हजेरी, वह्या काढणं, गप्प बसवणं आणि बाकीच्यांची शंका-समाधानं वजा करा, आणि काय उरतं ते पाहा. नोकरीच्या आधी तासभर, नंतर तासभर. मधल्या वेळात तो वाचेल, नकाशे काढेल, कंटाळेल. कंटाळू द्या. तुमच्या मीटिंगमध्ये येऊन गोंधळ घालायचा नाही हा एकच नियम पक्का करा, आणि पहिल्या दोन महिन्यांत तो रोज मोडला जाईल हे धरून चाला.

होमस्कूलिंग करणाऱ्यांत एक ठोकताळा आहे: मूल जितकी वर्षं शाळेत गेलं तितके महिने त्याला शाळा उतरायला द्यावेत. तुमच्या मुलाच्या बाबतीत चारेक महिने होतात. याला शास्त्रीय आधार आहे असा माझा दावा नाही, पण त्यामागचं निरीक्षण खरं आहे. सुरुवातीला मूल काहीच करत नाही, नुसतं लोळतं, आणि आईबापांचा धीर सुटतो. जिथं नोंदणीबरोबर लगेच शिक्षण सुरू व्हावं अशी अपेक्षा असते, तिथं इतके महिने कुणी देणार नाही. मग पहिले सहा आठवडे योजनेतच ‘निरीक्षण आणि वाचन’ म्हणून लिहा: रोज मोठ्यानं वाचून दाखवणं, खेळातले हिशेब, बाहेर फिरणं, आणि वर सांगितलेलं ते एक पान तयार करणं. हे शिक्षणच आहे, आणि तसं लिहिलेलं अधिकाऱ्यांनाही समजतं.

तपासायला येणाऱ्यांना काय दाखवायचं, याचं उत्तर रोजच्या तीन ओळींत आहे. एक साधी वही करा आणि रात्री झोपायच्या आधी लिहा. उदाहरणार्थ: ‘मंगळवार. ९ ने भागाकार, चार उदाहरणं, तीन बरोबर. चौथ्यात बाकी ११ आली, मग स्वतःच म्हणाला, अजून एकदा जातंय की. समुद्राच्या पुस्तकाची वीस पानं, भरती रोज त्याच वेळी का येत नाही असं विचारलं, उद्या बघू. नकाशावर सात थांब्यांची नावं लिहिली, पोटदुखी नाही.’ एवढं बास. ‘गणित – १ तास, समाधानकारक’ असल्या नोंदींना काही अर्थ नाही, त्या कुणीही बसल्या बैठकीत महिन्याच्या भरू शकतं, आणि येणाऱ्यालाही ते माहीत असतं.

सोबत एक खोकं ठेवा. दर महिन्याला प्रत्येक विषयातला एखादा कागद तारीख घालून त्यात टाका. चुकलेलेही टाका, नव्हे, मुद्दाम टाका. सप्टेंबरमधला अर्धवट सोडलेला भागाकार असेल तरच मार्चमधल्या पूर्ण भागाकाराला किंमत येते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात तर कायद्यानंच असा नोंदींचा आणि नमुन्यांचा संच ठेवावा लागतो आणि वर्षअखेरीला पात्र व्यक्तीकडून तपासून घ्यावा लागतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात नोंदणीनंतर तीन महिन्यांच्या आत आणि मग वर्षातून निदान एकदा खात्याचा माणूस येऊन पाहतो. येणारी व्यक्ती शत्रू नसते. मुलाला आदल्या दिवशी पाढे घोकून घेऊ नका. त्याला नकाशा दाखवायचा असेल तर दाखवू द्या, नसेल तर आतल्या खोलीत बसू द्या. मुलानं बोललंच पाहिजे का, हा प्रश्न भेटीची वेळ ठरवतानाच विचारून घ्या.

वह्या, रंगीत संच, वर्षाचं वर्गणीचं ॲप, यातलं आत्ताच काही विकत घेऊ नका. तुमच्या योजनेच्या तळाशी तशी एक लांबलचक यादी आहे. वाचनालयाचं कार्ड आणि शाळेची जुनी पुस्तकं यांवर पहिले तीन महिने निघतील. तोवर काय लागतं ते कळेल.

सासूबाईंचा प्रश्न टाळू नका, तो रास्त आहे. चाळीस समवयस्कांत गप्प बसणं म्हणजे माणसांत राहणं नव्हे, हे खरं. पण घरात आईशी बोलणं म्हणजेही नव्हे. आठवड्यातून दोन ठरलेल्या जागा हव्यात, जिथं तीच मुलं पुन्हा पुन्हा भेटतील: एखादा खेळ, एखादा छंदवर्ग, शेजारची टोळी. एकदा जाऊन येण्यानं मैत्री होत नाही. आणि हेही योजनेत लिहा, वार आणि वेळ घालून. सासूबाईंना मात्र उत्तर देण्यापेक्षा काम द्या. रोज अर्धा तास नातवाकडून मोठ्यानं वाचून घ्यायचं, मराठी. ज्याच्यात आपला हात आहे त्याला माणूस सहसा नावं ठेवत नाही, आणि घरी शिकणाऱ्या मुलाला आईवेगळं एक माणूस शिकवायला मिळतं, तो फायदा वेगळाच.

नवऱ्यालाही हेच लागू. त्यांच्याकडे एक विषय पूर्ण सोपवा. मदत म्हणून नको, जबाबदारी म्हणून, योजनेत त्यांच्या नावानं. विज्ञान म्हणा, नाहीतर वेळ-अंतराचे हिशेब म्हणा. त्या विषयाची नोंदही त्यांनीच लिहायची. आणि दोघांनी बसून एक तारीख ठरवा, सहा महिन्यांनंतरची. त्या दिवशी कशावरून पुढे जायचं आणि कशावरून थांबायचं, ते आजच लिहा: सकाळची रडारड थांबली का, लिहिताना पोट दुखतं का, तुमची नोकरी टिकली का, तुम्ही दोघं एकमेकांशी धड बोलता का. शेवटचे दोन प्रश्न वगळू नका. परत शाळेत घालायची वेळ आली तर ते अपयश समजू नका, आणि वाट बंद आहे असंही समजू नका. भारतात शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. इतर ठिकाणी शाळेची जागा राखून ठेवतात की नाही, ते नाव काढायच्या आधी विचारा.

राहता राहिली धाकटी. तिच्यासाठी योजनाबिजना काही करू नका, ती दादाच्या शेजारी बसून आपोआप अर्धं शिकेल. फक्त एक तपासा. शिक्षण सक्तीचं होण्याचं वय सगळीकडे सारखं नाही. फ्रान्समध्ये २०१९ पासून ते तीन आहे, न्यूझीलंडमध्ये सहा, भारताचा कायदाही सहापासून लागू होतो. तुमच्याकडे ती कुठल्या तारखेला त्यात येते ते पाहा. फ्रान्समध्ये असाल तर ती आलेलीच आहे, आणि तुम्हाला एक नाही, दोन अर्ज करायचे आहेत.